खिसा नसलेला पोशाख आणि घराची चावी

फजरची नमाज आटोपून मशिदीबाहेर पडणाऱ्यांना कोल्हापुरात एक दृश्य आता सवयीचं झालं आहे. अंधार पुरता सरलेला नसतो आणि शिवाजी पुलाच्या दिशेनं चार-सहा सायकली निघालेल्या असतात. मागे लाल दिवा लुकलुकतोय, डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेला पोशाख. कुणी रंकाळ्याला फेऱ्या मारून परततो, कुणी जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या चढाला भिडतो, सुट्टीच्या दिवशी कुणी गगनबावड्यापर्यंत जातो. यात आपल्या घरातली मुलंही आहेत. कॉलेजात शिकणारी आहेत, दुकान उघडण्याआधी दोन तास काढणारी आहेत, आणि अलीकडे काही मुली आणि सुनाही आहेत. पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी शर्यतीची तयारी करणारेही आहेत. 2019 मध्ये गोव्यात आयर्नमॅन 70.3 ही शर्यत पहिल्यांदा झाली. 1.9 किलोमीटर पोहायचं, 90 किलोमीटर सायकल चालवायची आणि मग 21.1 किलोमीटर धावायचं. तेव्हापासून आपल्या भागात हे वेड जरा जास्तच वाढलं.

एका वाचक भगिनीनं या सदरासाठी विचारलं आहे: "मुलगा पहाटे सायकल घेऊन जातो. त्यानं नवा शर्यतीचा पोशाख घेतलाय, त्याला एकही खिसा नाही. त्यामुळे तो चावी नेत नाही, फोन नेत नाही, काहीच नेत नाही. मी सातला ड्यूटीवर निघते. दाराला कुलूप लावून चावी तुळईवर किंवा कुंडीखाली ठेवते. हे ठीक आहे का?"

कुंडीखाली चावी ठेवणं ठीक नाही, हे त्यांनाही ठाऊक असणार. चोराला पहिली जागा तीच आठवते. पण या प्रश्नात चावीपेक्षा मोठी गोष्ट दडलेली आहे आणि ती त्यांनी ओघात लिहून टाकली आहे: "काहीच नेत नाही." वीस वर्षांचा मुलगा पहाटेच्या अंधारात वीस किलोमीटर लांब जातो आणि तो कोण, कुणाचा, हे सांगणारी एकही वस्तू त्याच्या अंगावर नसते. चावीचं आपण बघूच, पण खरी काळजी याची आहे.

आधी त्या पोशाखाला खिसा का नसतो ते समजून घेऊ. नाहीतर आई म्हणणार, "हे कसलं कापड, खिसा शिवायलाही कंजुषी," आणि मुलगा म्हणणार, "अम्मी, तुला नाही कळायचं." सपाट रस्त्यावर सायकल जोरात पळवताना पायांचा बहुतेक जोर वारा कापण्यात जातो. फुगलेला शर्ट, फडफडणारी बाही, पाठीवर लोंबणारा खिसा हे सगळं वारा अडवतं. म्हणून शर्यतीचा पोशाख कातडीसारखा बसणारा करतात. 1958 मध्ये अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी ताणला जाऊन पुन्हा आकसणारा धागा शोधला, त्याला आपण लायक्रा म्हणतो. पुढे सायकलवाल्यांचे कपडे त्याचेच होऊ लागले. तिहेरी शर्यतीचा पोशाख तर पोहतानाही अंगावर असतो. त्याला मोठा खिसा ठेवला तर त्यात पाणी भरून तो पिशवीसारखा ओढत राहील. तेव्हा खिसा नसणं ही कंजुषी नाही, त्यामागे हिशेब आहे.

पण तो हिशेब शर्यतीच्या दिवसाचा आहे, रोजच्या सरावाचा नाही.

सायकल शर्यतींचा जुना इतिहास पाहिला तर हे लगेच ध्यानात येतं. टूर द फ्रान्सच्या सुरुवातीच्या काळात स्वाराला कुणाचीही मदत घ्यायची मुभा नव्हती. लोकरीच्या जर्सीला खिसे असत आणि जादा टायर खांद्यावरून आडवं गुंडाळलेलं असे. 1913 साली युजीन क्रिस्तोफ नावाच्या स्वाराच्या सायकलचा पुढचा फोर्क तूरमाले घाटात मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो कित्येक किलोमीटर चालत उतरला, गावातल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हातानं फोर्क सांधला, आणि एका पोरानं भात्याला हात लावला म्हणून वर वेळेचा दंड सोसला. नंतर नियम बदलले. स्वारांच्या मागे गाड्या आल्या, त्यांत सुटी चाकं आली, मेकॅनिक आले. ठरलेल्या जागी उभा राहून माणूस स्वाराला खाण्याची सुती पिशवी देऊ लागला. स्वार ती गळ्यात अडकवतो, आतलं काढून घेतो आणि पिशवी टाकून देतो. सामान दुसऱ्यानं वाहायला घेतलं तेव्हा कुठे खिसा गेला तरी चालण्यासारखं झालं.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे पाच हजार किलोमीटरची शर्यत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती 2015 मध्ये दोघांच्या संघानं पूर्ण केली. 2017 मध्ये लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं पार केली. या शर्यतीत स्वाराच्या मागे त्याची माणसं गाडी घेऊन चालतात. पाणी, खाणं, औषध, कोरडे मोजे, पासपोर्ट, सगळं गाडीत. स्वाराचा खिसा म्हणजे ती गाडी.

गोव्यासारख्या शर्यतीतही तसंच. स्वाराच्या घोट्याला वेळ मोजणारी चिप असते, त्याला क्रमांक दिलेला असतो, आणि त्या क्रमांकासमोर आयोजकांकडे त्याचं नाव, वय, आजार, घरचा फोन नोंदलेला असतो. रस्त्यात पडला तर क्रमांक बघितला की माणूस कळतो. सामानाची पिशवी ठरलेल्या जागी जमा असते. तिथे आयोजकच त्याचा खिसा होतो.

आता तोच पोशाख घालून तोच मुलगा मंगळवारी पहाटे केर्लीच्या पुढे एकटा चालला आहे. अंगावर क्रमांक नाही, मागे गाडी नाही, घोट्याला चिप नाही. पोशाख शर्यतीचा असला तरी बाकीची व्यवस्था शून्य. दुकानदार पोशाख विकतो, व्यवस्था कुठून विकणार? ती घरानंच उभी करायची असते.

कोल्हापूरकरांना हे नवीन वाटू नये. 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं, त्याच्या आधीपासून या गावातल्या तालमींत पोरं लंगोट कसून मातीत उतरत आली आहेत. लंगोटाला कुठला खिसा? कपडे खुंटीला, आणि ताईत, अंगठी, चार पैसे वस्तादाच्या हवाली. शिवाय तालीम गल्लीतच, त्यामुळे काही दुखलं-खुपलं तर पाच मिनिटांत घरी निरोप. सायकलवाल्याचा वस्ताद त्याच्याबरोबर नसतो, आणि वाघबिळाच्या चढावर त्याला ओळखणारंही कुणी नसतं.

आपल्याला तर आणखी जवळचा दाखला आहे. हज किंवा उमऱ्याला जाऊन आलेल्यांनी आठवून पाहावं. पुरुषांचा एहराम म्हणजे न शिवलेल्या दोन चादरी, त्यांना खिसा कुठून असणार? पण लाखोंच्या गर्दीत पैसे, कागदपत्रं, औषधाच्या गोळ्या सांभाळायच्या तर असतातच. म्हणून कमरेला खिशाचा पट्टा बांधतात, आणि एहराममध्ये असा पट्टा वापरायला उलेमांनी परवानगी दिलेली आहे. दुसरी गोष्ट, हज कमिटी ऑफ इंडियामार्फत जाणाऱ्या हाजींना मनगटात घालायला ओळखीचं धातूचं कडं मिळतं. एखादे चाचा मिनामध्ये वाट चुकले, त्यांना अरबी येत नाही, हिंदी बोलतानाही गोंधळतात, तरी कडं बघून त्यांना त्यांच्या माणसांपर्यंत पोचवता येतं. कमरेला पट्टा आणि मनगटाला ओळख. पन्हाळ्याला जाणाऱ्या पोरालाही नेमकं हेच हवं आहे. अनेक घरांत तो पट्टा हजवरून आल्यावर कपाटात पडून असतो. तो जाड असतो, सायकलवर गरम होतो, पण आठवडाभर वापरून बघायला हरकत नाही.

आता चावीकडे वळू. पहिलं म्हणजे, जुडगा न्यायचा नाही. एकच चावी न्यायची, तीही कडीतून काढून. कपाटाची, दुकानाची, गाडीची चावी बरोबर नेऊन हरवली तर एका कुलपाऐवजी चार बदलावी लागतात. चावीला दात असतात. ती घामट अंगाला घासते, पातळ कापडाला भोक पाडते. म्हणून तिला जुन्या मोज्याच्या तुकड्यात शिवून टाका, किंवा सायकलच्या फाटक्या ट्यूबची दोन इंचांची चकती कापून त्यात सरकवा. आवाजही होत नाही.

ती ठेवायची कुठे, यावर प्रत्येक सायकलवाल्याकडे स्वतःची युक्ती असते. मांडीच्या लवचिक पट्टीखाली चावी खोचणारे पुष्कळ. तासाभरात तिथे वळ उठतो, आणि पाय हलून हलून चावी कधी निसटली ते कळतही नाही. गळ्यात दोरीनं अडकवू नये. वाकल्यावर ती समोर लोंबते, आणि पडल्यावर दोरी कशात अडकेल याचा नेम नाही. बुटाला नाडी असेल तर चावी नाडीत ओवून गाठ मारणं ही धावणाऱ्यांची जुनी पद्धत चांगली आहे, पण सायकलच्या बऱ्याच बुटांना नाडीच नसते. सर्वात सोपी जागा सीटखालच्या छोट्या पिशवीची. तिथे एक ट्यूब, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या आणि छोटा पंप असायलाच हवा, कारण पहाटे सहाला पंक्चरवाला दुकान उघडून बसलेला नसतो. त्याच पिशवीत आतल्या बाजूला चावी पिनेनं टाचून ठेवावी. नुसती टाकली तर ट्यूब काढताना रस्त्यावर पडते. मात्र वाटेत मिसळ खायला थांबलात आणि सायकल नजरेआड ठेवली, तर चावी काढून हातात घ्या.

तलावावर पोहायला मोटारसायकल किंवा कार घेऊन जाणाऱ्यांची अडचण वेगळी. आजकालच्या चाव्यांत बॅटरी आणि चिप असते, ती पाण्यात नेऊन चालत नाही. मग चाकावर, बंपरखाली, सीटच्या फटीत चावी ठेवली जाते. या जागा सगळ्यांना माहीत आहेत! काठावर थांबणाऱ्या माणसाकडे द्यावी. एकटंच पोहायला जाऊ नये हे तर तसंही खरं आहे, चावी हे त्याचं आणखी एक कारण.

आणि चावी न्यायचीच नसेल तर ती माणसाकडे ठेवावी, कुंडीकडे नको. समोरची भाभी सहाला उठते, तिच्याकडे एक चावी कायमची असू द्या. तिची तुमच्याकडे ठेवा. आपल्या मोहल्ल्यांत ही सोय अजून शिल्लक आहे. नव्या अपार्टमेंटमध्ये ती मुद्दाम जुळवावी लागते, पण जुळते.

ज्यांना अंगावरच ठेवायचं आहे त्यांच्यासाठी घरी शिवण्यासारखं काही सांगते. आपले आजोबा-पणजोबा धोतर नेसत, त्याला खिसा नव्हता, पण वर बंडी असे आणि बंडीला आतून चोरखिसा. नाहीतर कनवटीला पैसे. बाया पदराला गाठ मारत, कमरेला बटवा खोचत. तीच अक्कल इथे चालते. जुन्या छत्रीचं कापड घ्या, ते हलकं असतं आणि घाम लवकर आत जाऊ देत नाही. पंचवीस सेंटिमीटर लांब, बारा सेंटिमीटर रुंद असा तुकडा कापून मधोमध दुमडा, दोन्ही बाजू शिवा, तोंडाला पातळ चेन लावा. मागे चार सेंटिमीटर रुंदीचं इलॅस्टिक जोडा. इलॅस्टिकची लांबी कमरेच्या मापापेक्षा थोडी कमी, म्हणजे ते घसरत नाही. बकल बाजूला येऊ द्या. हा पट्टा पोशाखाच्या आतून बांधता येतो. चावी, कार्ड आणि दोनशे रुपये एवढंच त्यात ठेवा.

पोशाखालाच खिसा जोडायचा असेल तर साधी सुई चालवू नका. तिनं लायक्राचा धागा तुटतो आणि तिथून कापड उसवत जातं. गोल टोकाची, जर्सीच्या कापडाची सुई मिळते ती वापरा, आणि टाका झिगझॅग हवा, कारण सरळ टाका कापड ताणलं की तटकन तुटतो. घरच्या मशीनला झिगझॅग नसेल तर साडीला पिको करणाऱ्या दुकानात हे काम होतं. खिशाचं कापडही ताणणारंच घ्या, जुन्या लेगिंगचं चालेल. जागा मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा कमरेच्या कडेला. आतल्या मांडीला आणि बसायच्या गादीजवळ शिवण नकोच, शंभर किलोमीटरनंतर ती काचते. पाठीच्या मधोमध मणक्यावरही खिसा घेऊ नका. माणूस पाठीवर आदळला तर मणका आणि रस्ता यांच्यामध्ये चावी किंवा पंप असावा, हे कुणालाच नको वाटेल.

काही घरांत एक वेगळा सवाल उठतो. तो चिकट पोशाख गुडघ्याच्या वरच संपतो, तर सतरचं काय? बरीच मुलं गादीवाल्या चड्डीवर गुडघ्याखालपर्यंतची थोडी सैल थ्री-फोर्थ घालतात. वाऱ्याचा तोटा किरकोळ, आणि तिला चेनवाले खिसे असतात. रोजच्या सरावाला हे उत्तम आहे. शर्यतीच्या दिवशी काय घालायचं ते तेव्हा बघता येईल. फक्त समोरच्या खिशात फोन ठेवू नका. प्रत्येक पायडलला तो मांडीवर आपटतो.

मुलींच्या बाबतीत खिशाची रड सायकलपेक्षा जुनी आहे. सलवार-कमीजला खिसा शिवायला सांगितलं तर पुष्कळ टेलर अजूनही चमकून बघतात. शाळेला, क्लासला सायकलनं जाणारी मुलगी चावी ओढणीच्या टोकाला बांधते किंवा पुढच्या बास्केटमध्ये टाकते. बास्केटमधली पर्स चालत्या मोटारसायकलवरून उचलली जाते. आणि ओढणीचं तर सांगायलाच नको. ओढणी, बुरख्याचा घेर, सलवारचा पाय, यांतलं काहीही चाकात किंवा चेनमध्ये गेलं तर सायकल जागच्या जागी थांबते आणि मुलगी पुढे फेकली जाते. म्हणून ओढणीऐवजी पिनेनं बसवलेला स्कार्फ, त्यावर हेल्मेट, आणि पायाला क्लिप किंवा रबरबँड. कमीजच्या बाजूच्या शिवणीत चेनवाला खिसा प्रत्येक मुलीच्या प्रत्येक ड्रेसला असावा, असं माझं ठाम मत आहे. टेलर नको म्हणाला तर टेलर बदला. अफगाणिस्तानातून निर्वासित झालेली मासूमा अलीझादा 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला निर्वासितांच्या संघातून वेळेविरुद्धच्या सायकल शर्यतीत उतरली, हेल्मेटखाली डोकं झाकून. पोशाख आपल्या पद्धतीचा करून घेता येतो. त्यासाठी कात्री आणि टेप घेऊन बसायची तयारी मात्र हवी.

आता ओळखीबद्दल, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

अपघातात माणूस शुद्धीवर असेल तर तो स्वतः नंबर सांगतो. प्रश्न बेशुद्ध माणसाचा असतो. अंगावर नाव नसेल तर दवाखान्यात तो 'अनोळखी इसम' होतो, आणि घरचे दहा वाजेपर्यंत "येईल एवढ्यात, मित्राकडे चहाला थांबला असेल" म्हणत बसतात. मधले तास वाया जातात. उपचार थांबत नाहीत, पण त्याला मधुमेह आहे, फिट येते, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे किंवा पेनिसिलिन चालत नाही, हे सांगणारं कुणी नसतं.

म्हणून एक कार्ड करा. व्हिजिटिंग कार्डाएवढं, झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून घ्या. त्यावर पूर्ण नाव, दोन फोन नंबर, आजार, चालू औषध, न चालणारं औषध. रक्तगट लिहा, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. रक्त चढवण्याआधी दवाखाना स्वतः तपासतोच. घरचा पत्ता मात्र लिहू नका. चावी आणि पत्ता एकाच पट्ट्यात असतील आणि पट्टा हरवला, तर सापडणाऱ्याला आपण घर उघडून दिल्यासारखं होतं. याच कारणासाठी आधार कार्डही पट्ट्यात नको, त्यावर पत्ता छापलेला असतो. फोन नंबर पुरतो.

कार्ड सायकलला बांधू नका. जखमीला उचलून नेतात तेव्हा सायकल रस्त्याच्या कडेला राहते. हेल्मेटमध्येही एकमेव कार्ड नको, तेही काढून बाजूला ठेवलं जातं. ओळख अंगावरच हवी, आणि मदत करणाऱ्याला शोधावी न लागता दिसायला हवी. त्यासाठी मनगटाचा पट्टा सर्वात बरा. स्टीलच्या पट्टीवर नाव आणि दोन नंबर कोरून देणारी दुकानं कोल्हापुरात आहेत. नावाच्या पाट्या आणि ट्रॉफ्यांवर कोरणाऱ्याला विचारलं तर तो सहज करून देतो. कार्ड पट्ट्यात आणि पट्टी मनगटावर, दोन्ही असलेलं चांगलं.

फोन न्यायलाच हवा. "जागा नाही" हे कारण ऐकू नका, आपण आताच जागा शिवली आहे. जाड प्लॅस्टिकच्या बंद होणाऱ्या पिशवीत घातला की घामाचा आणि पावसाचा प्रश्न मिटतो. जून ते सप्टेंबर गगनबावड्याच्या बाजूला जाणाऱ्यांनी तर दोन पिशव्या घ्याव्यात. पण बोटाच्या ठशानं बंद असलेला फोन अनोळखी माणसाच्या हातात दगडासारखाच. 2005 मध्ये इंग्लंडमधले रुग्णवाहिका कर्मचारी बॉब ब्रॉची यांनी एक साधी कल्पना मांडली. जवळच्या माणसाचा नंबर फोनमध्ये 'आइस' या नावानं ठेवा, म्हणजे संकटात कुणाला कळवायचं ते मदत करणाऱ्याला लगेच सापडेल. आता फोनला कुलूप असलं तरी उघडता येईल अशी जागा त्यासाठी असते. आयफोनमध्ये हेल्थ अॅपमधली मेडिकल आयडी, अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधली सेफ्टी अँड इमर्जन्सी. घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हे आज भरून ठेवा, सायकल चालवत नसाल तरीही.

व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत देता येतं. पण घाटात रेंज जाते, आणि नकाशावरचा ठिपका हलला नाही की अम्मीचा जीव टांगणीला लागतो. त्यापेक्षा जुनी पद्धत बरी. निघताना रस्ता आणि परतायची वेळ सांगायची, आणि वेळेनंतर अर्धा तास झाला की कोणाला फोन करायचा ते ठरवून ठेवायचं. रोखीचंही तसंच. रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत, म्हणून ते दोनशे रुपये. नोटा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, घामानं त्यांचा लगदा होतो.

रस्त्यात दुसरा कुणी पडलेला दिसला तर काय करायचं, हेही मुलांना सांगून ठेवा. 112 हा सर्व तातडीच्या मदतीचा क्रमांक आहे, आणि 108 ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून चालू आहे. "पोलिसांच्या लफड्यात कोण पडेल" ही जुनी भीती आता सोडायला हवी. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन 134अ हे कलम आलं. रस्ते अपघातातल्या जखमीला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला त्यामुळे संरक्षण मिळालं आहे, आणि त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही.

शेवटी त्या दोन फोन नंबरांबद्दल, कारण इथे पुष्कळ घरं चुकतात. कार्डावर कुणाचा नंबर आहे? अब्बूंचा. अब्बू नमाजला जाताना फोन सायलेंट करतात आणि पुढे तो तसाच राहतो. दुसरा मोठ्या भावाचा. त्याला अनोळखी नंबर उचलायची सवय नाही, कर्जाचे आणि विम्याचे फोन येतात म्हणून त्यानं ते बंदच करून टाकलेत. मदत करणाऱ्या माणसाचा नंबर अनोळखीच असणार ना? तेव्हा सकाळी सहाला जो फोन उचलतो, अनोळखी नंबर असला तरी उचलतो, त्याचाच नंबर लिहा. मग ती खाला असो, समोरची भाभी असो की दूधवाल्याची वाट बघत गॅलरीत उभी असलेली नानी. उद्या मुलगा गेल्यावर शेजाऱ्याच्या फोनवरून त्या दोन्ही नंबरांना लावून बघा. ज्यानं उचलला नाही त्याचा नंबर काढून दुसरा घाला, आणि लॅमिनेशनचे वीस-तीस रुपये परत द्यायला लागले तर द्या.